फुलांची वाट कुणी दाखवली?

श्रावण-भाद्रपद आला की पेपरात एक फोटो हमखास येतो. साताऱ्याजवळचं कासचं पठार, त्यावर जांभळा-पिवळा गालिचा आणि ओळीनं चालणारी शहरातली माणसं. पुढे एक वाटाड्या, मागे पाहुणे. वाटाड्या थांबला की सगळे थांबतात. तो बोट दाखवतो, नाव सांगतो, मग फोटो निघतात. याला आता ‘गाइडेड टूर’ म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात. आज मला या चालण्याचा इतिहास सांगायचा आहे, कारण त्यात आपला वाटा मोठा आहे आणि तो लिहून ठेवलेला फार कमी सापडतो.

रानातली फुलं ओळखून आणायला आपल्या बायका कधीपासून जातात? त्याची तारीख कुणी सांगू शकणार नाही. हरतालिकेला पत्री लागते. गौरी आणायच्या तर कितीतरी घरांत तेरड्याची रोपं मुळासकट लागतात. ‘तेरड्याचे रंग तीन दिवस’ ही म्हण ज्यांनी केली, त्यांनी तेरडा नीट पाहिला होता. पत्री आणायला जाताना सासू पुढे आणि सून मागे. कुठल्या बांधाला काय उगवतं, कशाला हात लावायचा नाही, हे चालता चालता कळायचं. कारवीच्या काठ्यांचा कूड करून त्यावर शेणमाती लिंपायची, कवल्याची भाजी कोवळी असताना खुडायची, चवरीच्या कंदाचं सत्त्व काढायचं. हे सगळं ज्ञान पायांनी मिळवलेलं होतं.

मग इंग्रजांच्या काळात वनस्पतींची शास्त्रीय नोंद सुरू झाली. १८८३ साली मुंबईत ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली. १८८६ मध्ये डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांचं मुंबई इलाख्यातल्या उपयोगी वनस्पतींवरचं पुस्तक आलं. त्यात दुष्काळात लोक कोणत्या रानवनस्पती खाऊन जगतात, याचीही माहिती आहे. जरा विचार करा, १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ तेव्हा नुकताच होऊन गेला होता. कुठला कंद किती वेळा उकळला म्हणजे विषारी राहत नाही, हे कुठल्या प्रयोगशाळेनं शोधलं? चुलीपुढे बसलेल्या बाईनंच ना?

पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी छापला गेला. आजही अभ्यासक तो उघडतात. त्यात शास्त्रीय वर्णनासोबत जागोजागी मराठी नावं दिली आहेत. ही नावं साहेबाला झाडानं सांगितली नाहीत. कुणीतरी गुराख्यानं, कुणी मोळीवालीनं सांगितली असणार. सांगणाऱ्यांची नावं मात्र कुठे नाहीत.

याच काळातल्या एका बाईची गोष्ट मला फार आवडते. वर सांगितलेल्या लिस्बोआ डॉक्टरांच्या पत्नी स्वतः गवतांच्या जाणकार होत्या. गवत म्हणजे आपण पायदळी तुडवतो ते! १८८९ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा सुवासिक गवतांवरचा लेख आला. त्यात त्यांनी एका नव्या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. या गवताला आपल्याकडे वैदिगवत असंही म्हणतात. त्यानंतर मुंबई इलाख्यातल्या गवतांवरही त्यांनी लिहिलं. त्या काळात बाईनं असं काम करून छापणं ही केवढी गोष्ट! पण लेखावर नाव काय, तर ‘मिसेस जे. सी. लिस्बोआ’. म्हणजे नवऱ्याचं नाव आणि मागे मिसेस. जिनं गवताला नाव दिलं, तिचं स्वतःचं नाव लेखावर नाही. आपल्या बचत गटाच्या वहीत आपण प्रत्येकीचं स्वतःचं नाव आणि स्वतःची सही का घेतो, ते इथे कळतं.

स्वातंत्र्यानंतर कॉलेजची मुलं सरांबरोबर डोंगरात जाऊ लागली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधले फादर सांतापाव खंडाळ्याचे डोंगर वर्षानुवर्षं फिरले. त्यांचं खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक १९५३ साली आलं. पुढे निसर्गप्रेमी मंडळांच्या सहली निघू लागल्या आणि फुलं पाहायला मुद्दाम चालत जाणं ही शहरातल्या माणसांची आवड झाली.

आता कासकडे येऊ. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंच आहे. जांभ्या दगडाचा सडा, वर मातीचा पातळ थर. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही, म्हणून इथे बुटकी झाडं पावसाच्या चार महिन्यांत आपला संसार उरकून घेतात. सुरुवातीला पांढरी आमरी, मग निळी-जांभळी सीतेची आसवं, गुलाबी तेरडा, गेंद, शेवटाकडे पिवळी सोनकी. दवबिंदू नावाचं इवलंसं झाड चिकट पानांनी किडे पकडून खातं. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते. फुलणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती इथे सांगितल्या जातात. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली. त्यातली चार महाराष्ट्रातली आणि कास त्यांपैकी एक.

नाव झालं तशी गर्दी लोटली. फुलांत बसून जेवणं, फुलांवर लोळून फोटो काढणं सुरू झालं. मग वनखात्यानं आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांच्या समितीनं नियम केले. प्रवेशाला शुल्क, आधी ऑनलाइन नोंदणी, दिवसाला माणसांची मर्यादा, ठरलेल्या वाटा. गावातल्याच लोकांना वाटाडे म्हणून, राखणीला, साफसफाईला काम मिळालं.

तारेचं कुंपणही घातलं गेलं. फुलं वाचावीत म्हणून गुरांचं चरणं थांबलं. पण काही वर्षांनी वेगळंच दिसू लागलं. गवत उंच माजलं आणि बुटकी फुलं कमी झाली, असं गावकरी आणि अभ्यासक सांगू लागले. गुरं चरायची तेव्हा गवत आखूड राहायचं, फुलझाडांना ऊन मिळायचं. शेवटी कुंपण काढलं. पिढ्यानपिढ्या तिथे गुरं राखणाऱ्या माणसाला आधी विचारलं असतं, तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

आता एका फुलाबद्दल सांगते. कासला एक पिवळं फूल दाखवतात, ‘मिकी माऊस’ म्हणून. पाहुणे खूश होतात. त्या फुलाला आपल्याकडे कवला म्हणतात. आपण भाजी करतो त्या कवल्याचंच ते भावंड. मिकी माऊस म्हटलं की हसू येतं आणि गोष्ट संपते. कवला म्हटलं की भाजी कधी खुडायची, कशी शिजवायची, कोणत्या महिन्यात शेंग धरते, सगळं मागून येतं. नाव गेलं की हे सगळं जातं.

म्हणून मैत्रिणींनो, माझं मागणं छोटं आहे. कास सगळ्यांच्या गावात नाही, पण सडा, माळ, देवराई, ओढ्याचा काठ आहे. या पावसाळ्यात गटाच्या एका बैठकीऐवजी चालायला जाऊ. गावातली सगळ्यात जाणती आजी पुढे आणि आपण मागे. शाळकरी मुलींना बरोबर घेऊ, त्यांच्याजवळ वही असेल. आजी सांगेल ते फुलाचं नाव, जागा, महिना आणि उपयोग लिहून घेऊ. फूल तोडायचं नाही, मोबाइलवर फोटो काढायचा. पायवाट सोडायची नाही.

उद्या तुमच्या गावात असे पाहुणे येऊ लागले, तर वाटाड्याचं काम बाहेरच्याला द्यावं लागणार नाही. पाहुणे नाही आले, तरी वही आपलीच आहे. एकच काळजी घ्या. पानावर सांगणाऱ्या आजीचं नाव लिहा, आणि ‘अमक्याची आई’ असं लिहू नका. तिचं स्वतःचं नाव विचारा आणि तेच लिहा.