परिचारिकेचा शीण आणि तिचे शिक्षण

रुग्णालयातील पाळी संपवून जी परिचारिका रात्री पुढच्या परीक्षेचे पुस्तक उघडते, तिच्या थकव्याला आता एक नाव मिळाले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ या शब्दाने त्याचे वर्णन केले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची लक्षणे सांगितली: शक्ती सरणे, कामाविषयी मन विटणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. परंतु या अवस्थेला संघटनेने रोग म्हटले नाही. कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम मानला. हा भेद महत्त्वाचा आहे. रोगाचे मूळ आपण माणसाच्या शरीरात शोधतो; या शिणाचे मूळ कामाच्या व्यवस्थेत शोधावयास हवे. आणि व्यवस्थेला इतिहास असतो.

भोपाळपुरते पाहिले तर हा इतिहास बेगमांच्या काळात सुरू होतो. शाहजहाँ बेगम यांच्या कारकिर्दीत तेथे स्त्रियांसाठी लेडी लॅन्सडाउन यांच्या नावाचे रुग्णालय निघाले. १९०१ ते १९२६ या काळात राज्य करणाऱ्या सुलतान जहाँ बेगम यांनी दायांच्या व परिचारिकांच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले. पडद्यातील स्त्री पुरुष डॉक्टरापुढे येत नसे, म्हणून शिकलेल्या स्त्रीच्या हाताची तेथे निकड होती. इकडे पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन स्थापन झाले आणि रमाबाई रानडे यांनी विधवा व गरजू स्त्रियांना शुश्रूषेच्या शिक्षणाचा मार्ग खुला केला. परक्याची मलमूत्रे काढणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्या समाजात ही गोष्ट सोपी नव्हती. या स्त्रियांना दिवसभर रुग्णाची सेवा आणि घरीदारी समाजाची बोलणी, असे दुहेरी ओझे वाहावे लागले.

या शिक्षणाच्या रचनेतच एक उणीव होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात जी शाळा निघाली, तिच्या धर्तीवर पुढे ठिकठिकाणी शाळा निघाल्या. त्यांतील विद्यार्थिनी शिकत असे ती कक्षात राबून. हळूहळू रुग्णालये तिच्या राबण्यावरच चालू लागली. विद्यार्थिनी म्हणून तिला वेळ हवा होता. कामगार म्हणून तिचा वेळ रुग्णालयाला हवा होता. या ओढाताणीत पुस्तक नेहमी मागे पडले.

१९६० मध्ये इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक विदुषीने लंडनमधील एका शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या, असे तिने नमूद केले. त्याचे कारण केवळ श्रम हे नव्हते. मृत्यू आणि वेदना यांची भीती बोलून दाखविण्यास तेथे जागा नव्हती. परिचारिकेचे मन रुग्णात गुंतू नये म्हणून कामाचे लहान लहान तुकडे पाडून वाटले जात. त्यामुळे भीती गेली नाहीच; कामाचे समाधान मात्र गेले.

आपल्याकडे अडचण अधिक मोठी होती. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात परिचारिका होत्या सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. समितीचे उद्दिष्ट होते ५०० लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. उच्च शिक्षणाचे दार उघडले खरे. पण कक्षातील रिकामी जागा कोणी भरावयाची, हा प्रश्न राहिलाच.

भोपाळात १९५५ मध्ये गांधी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, आणि नागपूरहून आलेल्या सरकारी नोकरांबरोबर कित्येक मराठी कुटुंबे तेथे वसली. या शहराच्या शुश्रूषेची परीक्षा झाली ती १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधल्या रात्री. कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हमीदिया रुग्णालयात डोळे जळणाऱ्या, श्वास कोंडलेल्या माणसांची रीघ लागली. वायू कोणता, त्यावर उतारा कोणता, हे उपचार करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. त्या रात्री केवळ कष्टाळूपणा पुरेसा नव्हता; ज्ञानही हवे होते. आणि काम एका रात्रीत संपले नाही. फुप्फुसांच्या व डोळ्यांच्या विकारांची शुश्रूषा पुढे कित्येक वर्षे चालली. तज्ज्ञ परिचारिका का हवी, याचे याहून स्पष्ट उत्तर नाही.

आज अतिदक्षता विभागातील परिचारिकेसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आहे. त्यातही शिक्षणाचा बराचसा भाग रुग्णाच्या खाटेशीच होतो. ते योग्यच आहे, कारण शुश्रूषा केवळ पुस्तकातून येत नाही. मात्र जुनी चूक पुन्हा होता कामा नये. शिकणारीची गणना कक्षाच्या मनुष्यबळात करून तिच्या अभ्यासाचे तास गिळले जाऊ नयेत. रात्रपाळीनंतर तिला पुरती झोप मिळावी. परीक्षेआधीची रजा उपकार म्हणून नव्हे, नियम म्हणून मिळावी. आणि एखादा रुग्ण दगावल्यावर मनातले बोलण्यास वडीलधाऱ्या परिचारिकेचा कान मिळावा.

आणि त्या परिचारिकेने स्वतःही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपण थकलो म्हणजे आपली सेवावृत्ती खोटी, असे तिने मानू नये. सेवासदनातून बाहेर पडलेल्या स्त्रियाही थकल्या असतीलच. त्यांना निदान एकमेकींची सोबत होती. अभ्यास दोघी-तिघींनी मिळून करावा, विश्रांतीचा दिवस अपराधी मनाने घालवू नये, आणि भार असह्य झाला तर वेळीच सांगावे. दुसऱ्याचा श्वास मोजणाऱ्या स्त्रीला आपलाही श्वास सांभाळण्याचा अधिकार आहे. तो अधिकार राखणे हे रुग्णालयाचेही कर्तव्य होय.