पायडलांच्या मधली गिअरपेटी

१/ सायकलचे गिअर म्हटले की नजर मागच्या चाकाकडे जाते. परंतु दोन्ही क्रँक ज्या एक्सलवर फिरतात, त्या बॉटम ब्रॅकेटमध्येच गिअर बसवण्याचे प्रयत्न शंभराहून अधिक वर्षे होत आले आहेत. मग ते रूढ का झाले नाहीत?

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथे जॉन मार्स्टन यांच्या कारखान्यात ‘सनबीम’ सायकली तयार होत. त्यांतील काहींच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये दोन गतींचे ग्रहीय गिअर असत. मधल्या ‘सूर्य’ दंतचक्राभोवती लहान ‘ग्रह’ चक्रे फिरत.

३/ या रचनेचे गुण उघड होते. वजन मध्यभागी आणि खाली राही, मागचे चाक हलके होई, आणि सरळ रेषेत चालणारी एकच चेन पेटीत झाकून धुळीपासून वाचवता येई.

४/ पहिली अडचण यंत्रशास्त्राची होती. पुढे ४८ आणि मागे १८ दाते असतील, तर मागचे चाक पायडलांच्या २.६७ पट वेगाने फिरते आणि हबवर येणारा पीळ त्याच प्रमाणात घटतो. क्रँकपाशी मात्र पायांचा पूर्ण जोर येतो. म्हणून तिथले गिअर अधिक मजबूत, पर्यायाने अधिक जड करावे लागतात.

५/ दुसरी अडचण व्यापाराची होती. त्याच सुमारास नॉटिंगहॅममध्ये आलेले स्टर्मी-आर्चरचे तीन गतींचे हब साध्या सायकलच्या मागच्या चाकात बसवता येई. बॉटम ब्रॅकेटच्या गिअरला मात्र खास फ्रेम लागे. १९३०च्या दशकात जर्मनीच्या आडलर कंपनीने तीन गतींची अशी सायकल काढली, तिलाही ही अट चुकली नाही.

६/ २००८ साली क्रिस्टोफ लेर्मेन आणि मिखाएल श्मिट्झ या दोन जर्मन अभियंत्यांनी ‘पिनियन’ कंपनी स्थापन केली. मोटारींच्या गिअरबॉक्सच्या धर्तीवर त्यांनी ३ आणि ६ जोड्यांचे दोन टप्पे जोडून १८ गती साधल्या. सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्या गिअरच्या ६.३६ पट! तरीही खास फ्रेमची अट कायमच होती.

७/ ही कोंडी विजेच्या सायकलीने सैल केली. पायडलांपाशी मोटर बसवायची, तर फ्रेम तिच्या मापाने घडवावीच लागते. २०२३ साली पिनियनने मोटर आणि गिअर एकाच पेटीत आणले.

८/ शतकभर जी अट या कल्पनेच्या आड आली, ती आता मोटरसाठी कारखान्यांनी आपणहून स्वीकारली आहे. उत्तम यंत्रालाही रुजण्यासाठी भोवतालची व्यवस्था बदलण्याची वाट पाहावी लागते, ती अशी.