भाषा कुणी विचारली नाही

पहिलं महायुद्ध कधी संपलं, असं विचारलं तर शाळेतलं उत्तर तयार असतं: ११ नोव्हेंबर १९१८. तोफा थांबल्या, पुढच्या वर्षी व्हर्सायचा तह झाला आणि धडा संपला. पण एजियन समुद्राच्या काठी, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात, लढाई १९२२ पर्यंत चालूच होती. ती मिटवताना जो करार झाला, त्याने सुमारे पंधरा लाख माणसांचं गाव कायमचं बदललं. त्या कराराविषयी मला आज बोलायचं आहे.

युद्धात हरलेल्या ऑटोमन साम्राज्याची वाटणी सुरू झाली, तेव्हा ग्रीसला स्मर्ना, म्हणजे आजचं इझमीर, हवं होतं. १५ मे १९१९ रोजी ग्रीक फौज तिथं उतरली. या वाटणीच्या भीतीनेच इकडे भारतात खिलाफत चळवळ उभी राहिली, गांधीजींनी तिला साथ दिली आणि मुंबई तिचं मोठं केंद्र बनली. तिकडे मुस्तफा केमाल यांनी वाटणी झुगारून युद्ध पुकारलं. ९ सप्टेंबर १९२२ रोजी तुर्की फौज स्मर्नात शिरली. चार दिवसांनी शहराला आग लागली. ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळाल्या, धक्क्यावर माणसांची गर्दी जहाजांची वाट पाहत राहिली. त्याआधी माघार घेणाऱ्या ग्रीक फौजेने तुर्कांची गावं पेटवली होती. हात दोन्ही बाजूंचे रंगलेले होते.

मग स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात परिषद भरली. तुर्कस्तानतर्फे इस्मत पाशा, ग्रीसतर्फे व्हेनिझेलोस आणि ब्रिटनतर्फे लॉर्ड कर्झन. आपल्याकडे १९०५ साली बंगालची फाळणी केली तेच. निर्वासितांसाठी झटणारे नॉर्वेचे नान्सेन यांनी लोकसंख्येची अदलाबदल सुचवली. त्यांना १९२२ चं शांततेचं नोबेल मिळालेलं होतं. ३० जानेवारी १९२३ रोजी या अदलाबदलीचा करार झाला आणि २४ जुलैला मुख्य तह.

या कराराचं पहिलंच कलम पाहा. तुर्कस्तानातले ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्माचे लोक ग्रीसला जातील, ग्रीसमधले मुस्लिम धर्माचे लोक तुर्कस्तानला. ही अदलाबदल सक्तीची असेल आणि सरकारच्या परवानगीशिवाय कुणालाही परतता येणार नाही. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. ख्रिस्ती जवळपास बारा लाख होते. त्यांतले बहुतेक करारापूर्वीच जीव घेऊन पळालेले. आता त्यांचा परतीचा रस्ता बंद झाला. मुसलमान साडेतीन लाखांच्या आसपास.

म्हणजे ग्रीक कोण आणि तुर्क कोण, हे धर्मावरून ठरलं. भाषा कुणी विचारली नाही.

कापादोकियातल्या अनेक ख्रिस्ती लोकांची घरची भाषा तुर्की होती. ते तुर्की बोलत आणि ग्रीक लिपीत लिहीत. कुणी मराठी उर्दू लिपीत लिहावी तसं. त्यांची पुस्तकंही त्याच लिपीत छापली जात. उर्गुप गावच्या लोकांनी तर निघताना आपल्या संताचा देह सोबत नेला. ग्रीसच्या एव्हिया बेटावर त्यांनी वसवलेल्या गावात तो आजही आहे. उलट क्रीट बेटावरच्या मुसलमानांची मातृभाषा ग्रीक होती. त्यांना आयवालिकसारख्या गावांत, निघून गेलेल्या ख्रिस्ती लोकांच्या घरांत बसवलं. शेजाऱ्याची भाषा त्यांना येईना. ग्रीसमध्ये आलेल्यांना स्थानिक लोक 'तुर्कांचं बियाणं' म्हणत आणि तुर्कस्तानात गेलेल्यांना 'अर्धे काफिर'. ज्या धर्माच्या नावावर त्यांना तिकडे पाठवलं, त्याच धर्माचे लोक त्यांना परकं म्हणत होते.

समाज किती ढवळून निघाला असेल, याचा अंदाज ग्रीसच्या १९२८ च्या जनगणनेवरून येतो. तेव्हा साधारण दर पाच माणसांत एक निर्वासित होता. अथेन्सच्या नगर नाट्यगृहात प्रेक्षकांच्या एकेका कक्षात एकेक कुटुंब राहिलं. शहरांभोवती नवं स्मर्ना, नवं आयोनिया अशा नावांच्या वस्त्या वाढल्या. तुर्कस्तानात तंबाखू पिकवणारे शेतकरी ऑलिव्हच्या बागांत जाऊन पडले. फेथियेजवळचं कायाकोय हे ख्रिस्ती गाव तर पुन्हा वसलंच नाही. त्याची छप्पर उडालेली घरं अजून डोंगरउतारावर उभी आहेत.

कराराच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. दोन्ही देशांत त्यानंतर तसं युद्ध झालं नाही. १९३० साली व्हेनिझेलोस अंकाराला गेले आणि १९३४ साली त्यांनीच केमाल अतातुर्क यांचं नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं. पण ज्यांना वगळलं होतं, त्यांचं काय झालं? ६ सप्टेंबर १९५५ च्या रात्री इस्तंबूलमध्ये ग्रीकांची दुकानं, चर्च फोडली गेली. लाखभर असलेला तो समाज आज काही हजारांवर आला आहे. खुद्द कर्झन यांनी हा उपाय वाईट आहे, जग त्याची शंभर वर्षं किंमत मोजेल, असं तेव्हाच बजावलं होतं. बजावलं आणि तरीही मान्य केलं.

पुढे हा करार दाखला म्हणून वापरला जाऊ लागला. १९३७ साली पॅलेस्टाईनविषयीच्या पील आयोगाने तो दिला. १९४० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरिया यांचं उदाहरण देऊन लोकसंख्येच्या अदलाबदलीचा विचार मांडला. त्यांची काळजी खरी होती. अल्पसंख्याकांना मागे ठेवून सीमा आखली तर त्यांचं रक्षण कोण करणार, हा त्यांचा प्रश्न होता. १९४७ साली पंजाबात काय झालं ते पाहिलं की त्या प्रश्नाचं वजन कळतं.

तरी लोझानचं उत्तर माझ्या गळी उतरत नाही. मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. घरात नमाज अरबीत, बाकी हिशेब, रुसवेफुगवे, अंगाई सगळं मराठीत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' याच भाषेत लिहिला. लोझानचा नियम इथं लागू झाला असता, तर यादीत माझ्या आजोबांचा धर्म लिहिला गेला असता आणि भाषा मागे राहिली असती. जिथे पाठवलं असतं, तिथे मराठी कुणाला ऐकवणार? युद्ध थांबवायला करार लागतोच. पण ज्यांच्याविषयी तो होतो, त्यांना कुणी एकदा तरी विचारायला हवं. लोझानच्या टेबलाभोवती कापादोकियाचा कुणी शेतकरी नव्हता आणि क्रीटचा कुणी तेलीही नव्हता.

त्यांना विचारलं ते नंतर, आणि विद्वानांनी. अथेन्समधल्या आशिया मायनर अभ्यास केंद्राने सुमारे पाच हजार निर्वासितांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या आहेत. इस्तंबूलमध्येही त्यांच्या नातवंडांनी संस्था काढली आहे. दोन्हीकडचे लोक आता समुद्र ओलांडून आजोबांचं गाव बघायला जातात. विहीर कुठे होती, घर कुठलं, याची चौकशी करतात. आजोबांची भाषा बहुतेकांना येत नाही. सोबत दुभाष्या न्यावा लागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)