चेरोकी वंशाचा शोध : रक्त, नोंद आणि नाते

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील असंख्य कुटुंबांत एक आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपली कोणी एक पणजी चेरोकी राजकन्या होती, अशी ती आख्यायिका. इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाही. कारण चेरोकी लोकांत राजवंशच नव्हता, मग राजकन्या कोठून असणार? गावोगावच्या सभा आणि त्या सभांनी मानलेले प्रमुख, अशी त्यांची व्यवस्था होती. तरीही इ. स. २०१० च्या जनगणनेत ८,१९,१०५ माणसांनी स्वतःस पूर्णतः वा अंशतः चेरोकी म्हणविले. चेरोकींच्या स्वतःच्या नोंदवह्यांत त्या वेळी याच्या निम्मीही नावे नव्हती. ही तफावत कशी पडली, आणि खऱ्या शोधकाने काय करावे, हे पाहण्यासारखे आहे.

चेरोकींची मूळ भूमी म्हणजे अ‍ॅपलेशियन पर्वताचा दक्षिण भाग. आजच्या जॉर्जिया, टेनेसी व उत्तर कॅरोलायना या राज्यांचा डोंगराळ प्रदेश. समाजाची सात कुळे होती : लांडगा, हरीण, पक्षी, रंग, निळे, लांब केस आणि रानबटाटा. एकाच कुळात विवाह निषिद्ध असे. आपल्याकडे गोत्र पित्याकडून येते. तेथे कूळ मातेकडून येई. त्यामुळे चेरोकी मातेचे मूल, पिता परका असला तरी, संपूर्ण चेरोकीच गणले जाई. उलट माता परकी असल्यास मुलास कूळच नसे. ही अडचण पाहून चेरोकींच्या सभेने १८२५ मध्ये कायदा केला आणि चेरोकी पिता व गोरी माता यांच्या मुलांनाही नागरिकत्व दिले. रक्ताचा अर्धा, पाव असा हिशेब या विचारात कोठेच नव्हता. आपला कोण, हे समाज स्वतः ठरवीत होता.

याच काळात सिकोया नावाच्या गृहस्थाने, इंग्रजी अक्षरओळख नसताना, चेरोकी भाषेसाठी स्वतंत्र लिपी सिद्ध केली. १८२१ मध्ये ती प्रकट झाली. १८२७ मध्ये राज्यघटना झाली, आणि १८२८ मध्ये न्यू इकोटा येथून चेरोकी व इंग्रजी या दोन भाषांतील वृत्तपत्र निघू लागले. परंतु १८३० मध्ये स्थलांतराचा कायदा झाला. मुख्य प्रमुख जॉन रॉस यांची संमती नसताना, मूठभर लोकांनी १८३५ मध्ये मायभूमी सोडून देण्याचा तह केला. १८३८–३९ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात हजारो कुटुंबांना पश्चिमेस, आजच्या ओक्लाहोमात, नेण्यात आले. छावण्यांत व वाटेत सुमारे चार हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. काही जण उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरांत टिकून राहिले. तेच आजच्या पूर्व चेरोकी संघाचे पूर्वज.

वंशशोधाची साधने या आपत्तीतूनच निर्माण झाली. स्थलांतरापूर्वी, १८३५ मध्ये, सरकारने शिरगणती केली. तीत १६,५४२ चेरोकी मोजले गेले. पुढे १८९३ मध्ये नेमलेल्या डॉज आयोगाने ओक्लाहोमातील सामाईक जमीन वाटून टाकण्यासाठी याद्या केल्या आणि नावापुढे रक्ताचा अंश लिहिला. आज चेरोकी राष्ट्राचे नागरिकत्व हवे असल्यास त्या यादीत आपला थेट पूर्वज दाखवावा लागतो. अंशाची अट मात्र नाही. पूर्व संघाला १९२४ च्या बेकर यादीतील पूर्वज व किमान एक षोडशांश रक्त लागते; कीटूवा संघाला एक चतुर्थांश लागते. वंशाचे मूळ सांगणारी जनुकीय चाचणी यांपैकी कोठेही चालत नाही, कारण तिच्यावरून विशिष्ट जमात ओळखता येत नाही.

या याद्या निर्दोष नव्हत्या. जमिनीची वाटणी अमान्य असलेल्या कित्येक परंपरानिष्ठांनी नाव देण्याचे नाकारले. धनिक चेरोकींनी आफ्रिकी वंशाचे गुलाम बाळगले होते. १८६६ च्या तहाने त्या मुक्त गुलामांना व त्यांच्या वंशजांना नागरिकांचे हक्क मिळाले, पण आयोगाने त्यांची नावे वेगळ्या यादीत घातली. २००७ मध्ये चेरोकी राष्ट्राने घटना बदलून त्यांना वगळले. २०१७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला, आणि २०२१ मध्ये राष्ट्राच्याच सर्वोच्च न्यायालयाने घटनेतील ‘रक्ताने’ हे शब्द काढून टाकविले.

म्हणून शोधकाने आरंभ पणजीपासून न करता स्वतःपासून करावा. आपला जन्मदाखला, मातापित्यांचा विवाह, आजोबांची जमीन, जनगणनेतील घर, असे एकेक पाऊल मागे जावे. आणि कागद दुसरीकडे नेऊ लागले, तर तिकडेच जावे. इच्छित पूर्वज आधी ठरवून पुरावा मागाहून जमविणे म्हणजे इतिहास नव्हे. यादीत नाव न सापडल्यास आख्यायिका कुटुंबाची आठवण म्हणून जपता येईल, परंतु तिच्या बळावर हक्क सांगता येणार नाही.

परंपरा शिकण्याचाही असाच विवेक आहे. चेरोकी वैद्यांनी आपले मंत्र सिकोयाच्या लिपीत वह्यांतून लिहून ठेवले होते. जेम्स मूनी यांनी त्या वह्या मिळवून त्यांतील मंत्र १८९१ मध्ये छापले. पण छापले गेले म्हणून कोणीही ते म्हणावेत, असे होत नाही. अधिकार आणि गुरुमुख यांचे महत्त्व ज्या समाजास ठाऊक आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. अग्नीभोवतीच्या नृत्यविधीस निमंत्रणाशिवाय जाऊ नये, आणि ‘सांगता येणार नाही’ हे उत्तर मिळाल्यास ते आदराने स्वीकारावे. भाषेचे दार मात्र उघडे आहे. २०१९ मध्ये तिन्ही चेरोकी शासनांनी मिळून आपल्या भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली, इतके जन्मभाषिक उरले थोडे. ताहलेक्वा येथे व उत्तर कॅरोलायनात ती शिकविली जाते.

१९८४ च्या एप्रिलमध्ये टेनेसीतील रेड क्ले येथे, स्थलांतरापूर्वी जेथे अखेरच्या सभा भरल्या होत्या त्याच जागी, पूर्वेचे व पश्चिमेचे चेरोकी सुमारे दीड शतकानंतर एकत्र सभेस बसले. दोन्हींकडच्यांनी इतकी वर्षे परस्परांची ओळख जपली होती, म्हणून ती सभा भरू शकली. वंशाचा शोध घेणाऱ्याने रक्ताच्या थेंबापेक्षा या जपणुकीकडे अधिक पाहावे. तिच्यात आपले स्थान आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार ज्यांनी ती केली त्यांचाच आहे.