आधारची नवी सुरक्षा आणि जुनी यंत्रे

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. पुढील काही वर्षांत बोटांचे ठसे घेणारी यंत्रे रेशन दुकाने, बँक प्रतिनिधी आणि मोबाइल विक्रेत्यांपर्यंत पोहोचली. ठशांची पडताळणी करणारी प्रणाली भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या बंगळुरू येथील तंत्रज्ञान केंद्रात आकाराला आली.

सुरुवातीच्या यंत्रांत एक उणीव होती. टिपलेला ठसा आधी दुकानातील सॉफ्टवेअरच्या हाती पडे आणि नंतर सांकेतिक रूपात पुढे जाई. मधल्या मध्ये तो साठवून पुन्हा वापरणे शक्य होते. त्यामुळे जानेवारी २०१७ मध्ये प्राधिकरणाने ‘नोंदणीकृत यंत्रां’ची सक्ती जाहीर केली. अशा प्रत्येक यंत्राला स्वतंत्र ओळख असते. ठसा टिपताच त्यावर वेळेची नोंद व यंत्राची डिजिटल स्वाक्षरी होते आणि मगच तो सांकेतिक रूपात पाठवला जातो.

जुनी यंत्रे एका दिवसात बंद केली असती, तर धान्याविना परतावे लागले असते ते शिधापत्रिकाधारकाला. म्हणून दोन स्तर ठरवण्यात आले. ‘एल-शून्य’ स्तरात जुन्याच यंत्राला उत्पादकाचे नवे सॉफ्टवेअर जोडता येई. ‘एल-एक’ स्तरात ही सुरक्षा यंत्राच्या हार्डवेअरमध्येच असते. १ जून २०१७ ही मुदत तरीही वाढवावी लागली. ‘एल-शून्य’ यंत्रे टप्प्याटप्प्याने हटवण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.

नागरिकांच्या बाबतीत मात्र सक्ती टाळण्यात आली. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेला सोळा अंकी आभासी क्रमांक ऐच्छिक आहे. ठसे कुलूपबंद करण्याची सोयही तशीच. सर्वांचे ठसे आपोआप कुलूपबंद केले असते, तर ज्याच्याकडे मोबाइलच नाही, अशा वृद्धाने ते उघडायचे कसे, हा प्रश्न खराच होता. परंतु ज्याला ही सोय ठाऊकच नाही, तो असुरक्षित राहतो, ही त्याची दुसरी बाजू.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे की नक्कल, हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपासणारी यंत्रणा जाहीर झाली. बोट ठेवण्याची रीत बदलली नाही. तरीही त्याच वर्षी बंगळुरूमध्ये, मालमत्ता नोंदणीच्या कागदपत्रांवरील ठसे वापरून खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या. आपले ठसे कुलूपबंद करून ठेवावेत, असे आवाहन पोलिसांनी तेव्हा नागरिकांना केले.