एका फोनमुळे थांबलेला प्रयोग

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझ्यासमोर जैवसुरक्षा समितीचा फॉर्म आला. कुठलं जनुक, कुठल्या जिवाणूत, धोका किती, उरलेलं कल्चर नष्ट कसं करणार, असे प्रश्न. मी सीनियरचा जुना फॉर्म उघडला, जनुकाचं नाव बदललं आणि अर्ध्या तासात सहीसाठी मॅडमकडे गेले. त्यांनी सही केली नाही. "हे प्रश्न पहिल्यांदा कुणी आणि का विचारले, ते आधी वाचून ये," म्हणाल्या. वाचलं. ते इथे सांगतेय, कारण या गोष्टीची सुरुवात आपल्यासारख्याच एका विद्यार्थिनीपासून होते.

1971 चा उन्हाळा. स्टॅनफर्डला पॉल बर्ग यांच्या लॅबमध्ये पीएच.डी. करणारी जॅनेट मर्ट्झ न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे एका कोर्सला गेली होती. तिथे तिने लॅबचा बेत सांगितला: एसव्ही-40 या माकडांमधल्या विषाणूचा डीएनए ई. कोलाय जिवाणूत घालायचा. कोर्स शिकवणारे रॉबर्ट पोलॅक अस्वस्थ झाले. एसव्ही-40 मुळे हॅमस्टरमध्ये गाठी होतात हे माहीत होतं, आणि ई. कोलाय तर माणसाच्या आतड्यात राहतो. असा जिवाणू लॅबबाहेर पडला तर? त्यांनी थेट बर्गना फोन लावला.

बर्गना आधी ते रुचलं नाही. पण सहकाऱ्यांना विचारल्यावर, धोका अजिबात नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे त्यांना पटलं. 1972 मध्ये त्यांच्या गटाने दोन वेगळ्या ठिकाणचे डीएनए परीक्षानळीत जोडून दाखवले. तो जोडलेला डीएनए जिवाणूत घालण्याची पायरी मात्र घेतली नाही.

1973 मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी प्लाझमिड वापरून परका डीएनए जिवाणूत घालायची सोपी रीत दाखवली. आता एका लॅबने थांबून भागणार नव्हतं. जुलै 1974 मध्ये बर्ग आणि सहकाऱ्यांनी जाहीर पत्र लिहून काही प्रकारचे प्रयोग सगळ्यांनीच तूर्त थांबवावेत असं आवाहन केलं. फेब्रुवारी 1975 मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमार इथे सुमारे 140 जण जमले आणि तत्त्व ठरलं: जितका धोका, तितका बंदोबस्त. त्यावरून जून 1976 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे नियम आले.

बऱ्याचदा आपल्याला गोष्ट इथपर्यंतच सांगितली जाते, शास्त्रज्ञांच्या शहाणपणाचा दाखला म्हणून. दाखला खरा आहे, पण अर्धा. असिलोमारला जवळपास सगळे शास्त्रज्ञच होते; शिवाय काही वकील आणि पत्रकार. लॅबमध्ये काचसामान धुणारे, लॅबशेजारी राहणारे कुणी नव्हते. चर्चाही सुरक्षिततेपुरतीच. जैविक शस्त्रं, माणसाची जनुकं बदलणं हे विषय आयोजकांनी बाजूलाच ठेवले.

ही उरलेली अर्धी गोष्ट मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात घडली. हार्वर्डला अशा प्रयोगांसाठी खास लॅब बांधायची होती. विद्यापीठातच दोन तट पडले. रूथ हबर्ड आणि जॉर्ज वॉल्ड विरोधात होते. 1976 च्या जूनमध्ये महापौर अल्फ्रेड वेलुची यांनी जाहीर सुनावणी बोलावली आणि शास्त्रज्ञांना बजावलं, की साध्या माणसाला कळेल असं बोला. शहराने जास्त धोक्याच्या प्रयोगांना तात्पुरती बंदी घातली आणि नागरिकांची समिती नेमली. तिच्यात एक परिचारिका होती, इंधन तेलाचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते. रिकॉम्बिनंट डीएनएवर काम करणारं कुणीच नव्हतं. त्यांनी कित्येक आठवडे दोन्ही बाजू ऐकल्या. जानेवारी 1977 मध्ये त्यांनी सांगितलं: काम करू द्या, पण राष्ट्रीय नियमांवर या आणखी अटी घाला. पुढच्याच महिन्यात शहराने तसा कायदा केला. त्यामुळे संशोधन गाव सोडून पळालं का? उलट तेच केंब्रिज आज बायोटेक कंपन्यांचं मोठं केंद्र आहे.

आपल्याकडे 1989 चे नियम आले, त्यातून संस्थांमधल्या जैवसुरक्षा समित्या आणि माझा तो फॉर्म. लोकांना विचारण्याचा मोठा प्रसंग 2010 मध्ये आला. बीटी वांग्यावर केंद्राने सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात आपलं नागपूरही होतं. फेब्रुवारीत त्या वांग्याला स्थगिती मिळाली. ती योग्य होती का, यावर आमच्या लॅबमध्ये आजही चहा थंड होईपर्यंत भांडण होतं. पण शेतकऱ्याला आणि खाणाऱ्याला विचारायलाच नको होतं, असं म्हणणं मला तरी पटत नाही.

संशोधनाकडे वळणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: आपला बेत विषयाबाहेरच्या माणसाला सांगून बघा. मर्ट्झने बेत मोकळेपणाने सांगितला, म्हणून प्रश्न निघाला. आपल्याला सगळं कळतं म्हणून प्रश्न विचारायचा हक्कही फक्त आपलाच, असं नसतं.

फॉर्म मी पुन्हा लिहायला घेतला. 'उरलेलं कल्चर नष्ट कसं करणार' इथे जुन्या फॉर्ममध्ये एकच शब्द होता: ऑटोक्लेव्ह. या वेळी मी ऑटोक्लेव्ह चालवणाऱ्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "शनिवारी लाइट गेली की पिशव्या सोमवारपर्यंत तशाच पडून असतात, ताई."

ते वाक्य फॉर्ममध्ये गेलं. मग मॅडमनी सही केली.