कुत्र्यासाठी भाजी काढावी फोडणीआधी

पिंपरी : चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे, तर चिंच आणि वड या झाडांवरून चिंचवडचे नाव पडले, असे सांगितले जाते. या औद्योगिक पट्ट्यातील दोन गावांशी जोडले गेलेले कांदा आणि चिंच हे दोन्ही पदार्थ घरातील कुत्र्याच्या ताटलीत मात्र येता कामा नयेत. गाजर, दुधी, भोपळा, घेवडा यांसारख्या बहुतेक भाज्या कुत्र्याला चालतात. धोका असतो तो त्या भाज्यांना दिलेल्या फोडणीत आणि वाटणात. त्यामुळे कुत्र्याला भाजी घालायची असल्यास ती फोडणीआधी काढून ठेवणे, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा नियम ठरतो.

कुत्र्याला भाजी पचते का?

कुत्रा हा मुख्यतः मांसाहारी प्राण्यांच्या कुळातील असला, तरी हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहून त्याच्या पचनसंस्थेत बदल झाले आहेत. पिष्टमय पदार्थ पचवण्यास मदत करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. भात, पोळी, बटाटा हे पदार्थ कुत्रा पचवू शकतो, याचे कारण हेच.

तथापि भाज्यांतील तंतुमय भाग त्याला फारसा पचत नाही. कुत्रा अन्न चावत बसत नाही, तुकडे करून गिळतो. म्हणून कच्च्या गाजराचे मोठे तुकडे अनेकदा विष्ठेतून जसेच्या तसे बाहेर पडतात. भाजी वाफवून मऊ केली किंवा बारीक किसली, तर तिचा उपयोग अधिक होतो. माणसाप्रमाणे कुत्र्याला 'क' जीवनसत्त्वासाठी फळे-भाज्यांवर अवलंबून राहावे लागत नाही. ते त्याच्या शरीरातच तयार होते. त्यामुळे भाजी हा त्याच्या आहाराचा पाया नव्हे, तर पूरक भाग आहे. भाजीमुळे चोथा मिळतो, पोट भरल्यासारखे वाटते आणि वजन आटोक्यात ठेवण्यास मदत होते.

कांदा-लसणाचा धोका

कांद्यामुळे कुत्र्यांना रक्तक्षय होतो, ही नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९३० मध्येच झाली आहे. कांद्यातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनवर आघात करतात. बिघडलेल्या पेशी झपाट्याने फुटू लागतात आणि शरीराला प्राणवायू कमी पडतो.

कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तावर गंभीर परिणाम दिसल्याची नोंद आहे. या हिशेबाने चार किलो वजनाच्या पोमेरेनियनला ६० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या एका कांद्यापेक्षाही कमी कांदा घातक ठरू शकतो. मोठ्या कुत्र्याला एका वेळी इतका कांदा खाऊ घातला जाण्याची शक्यता कमी. पण रोज थोडा थोडा कांदा पोटात जात राहिला, तरी परिणाम साठत जातो. लसूण तर वजनामागे कांद्याहून अधिक तीव्र मानला जातो. कांद्याची पात याच वर्गात मोडते.

कांदा शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही. भाजीतील कांदा वेचून काढला, तरी त्याचा अंश रश्शात उतरलेला असतो. रविवारी मटणाच्या रश्शात पोळी कुस्करून कुत्र्याला घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्यातील मटण कुत्र्याला चालते. कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि लसूण चालत नाही. कांदा-लसूण मसाला, लसणाची चटणी, तयार सूप आणि मसालेदार वेफर्स यांतही वाळवलेला कांदा-लसूण असतो, हे लक्षात ठेवावे.

चिंच, द्राक्षे आणि मनुका

द्राक्षे व मनुका खाल्ल्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे पशुवैद्यकांना दोन दशकांहून अधिक काळ माहीत आहे. पण कारण उलगडत नव्हते. अमेरिकेतील प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी २०२१ मध्ये टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवले. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही अशाच प्रकारे मूत्रपिंडांना इजा झाल्याची प्रकरणे त्यानंतर प्रसिद्ध झाली. चिंचेचा आंबटपणा प्रामुख्याने याच आम्लाचा असतो.

किती प्रमाणात खाल्ले तर अपाय होतो, हे प्रत्येक कुत्र्यागणिक बदलते. म्हणून सुरक्षित मात्रा शोधत बसण्यापेक्षा हे पदार्थ पूर्णपणे टाळणे श्रेयस्कर. चिंच-गुळाची आमटी, चिंचेचा कोळ घातलेली अळूची भाजी, मनुका घातलेला शिरा हे पदार्थ कुत्र्याला देऊ नयेत. आमटी-भाताऐवजी मीठ-मसाला न घातलेले मऊ वरण आणि भात द्यावा.

चालणाऱ्या भाज्या

गाजर : उकडून किंवा किसून. १०० ग्रॅम गाजरात सुमारे ४० कॅलरी असल्याने लठ्ठ कुत्र्यासाठी बिस्किटाऐवजी उपयोगी.

लाल भोपळा : साल व बिया काढून, उकडून. यातील चोथ्यामुळे सौम्य जुलाब आणि बद्धकोष्ठता या दोन्ही तक्रारींत आराम पडू शकतो.

दुधी आणि काकडी : आधी घरातील माणसाने लहानसा तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास टाकून द्यावी. कडू दुधीतील द्रव्य माणसालाही विषारी आहे.

घेवडा, फरसबी, मटार : दाणे किंवा शेंगा वाफवून. शिरा काढाव्यात.

रताळे व बटाटा : उकडून, साल काढून, मोजकेच. मधुमेही किंवा स्थूल कुत्र्याला पशुवैद्यकाला विचारूनच.

कोबी, फ्लॉवर : वाफवून, थोडेसे. अधिक झाल्यास पोटात वायू धरतो.

पालक, बीट : कधीतरी. यांत ऑक्झलेटचे प्रमाण अधिक असल्याने मूतखड्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला देऊ नयेत. बिटानंतर लघवी किंवा विष्ठा लालसर दिसू शकते.

टोमॅटो : पूर्ण पिकलेला, थोडा. हिरवा टोमॅटो, त्याचे देठ व पाने टाळावीत.

टाळण्याच्या भाज्या

कांदा-लसणाखेरीज आणखीही काही पदार्थ स्वयंपाकघरातून थेट कुत्र्यापर्यंत पोहोचतात. कोंब आलेले किंवा हिरवे पडलेले बटाटे विषारी असतात. कच्चे अळू आणि सुरण यांतील सूक्ष्म, टोकदार स्फटिकांमुळे तोंड व घसा सुजतो. मिरची, लोणचे आणि पापड यांचे तिखट-मीठ कुत्र्याच्या पोटाला झेपत नाही. पावसाळ्यात आवारात उगवणाऱ्या रानटी अळंब्यांपासून कुत्र्याला दूर ठेवावे.

मक्याचे दाणे चालतात, पण कणसाचे बुरकूंड नव्हे. पावसाळी सहलीत भाजलेले कणीस खाऊन झाल्यावर उरलेले बुरकूंड कुत्र्यापुढे टाकले जाते. त्याचा तुकडा आतड्यात अडकल्यास शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगांचे चिवट तंतूही देऊ नयेत.

किती आणि कसे द्यावे?

मुख्य आहाराव्यतिरिक्त दिले जाणारे सर्व पदार्थ मिळून दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत, असा पशुआहारातील सर्वसाधारण संकेत आहे. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात, असे धरले, तर वरकड खाणे ६० कॅलरींच्या आत राहावे. त्यात भाजीबरोबर बिस्किटे, पोळीचा तुकडा आणि दूधही मोजावे.

नवी भाजी एका वेळी एकच, एक-दोन चमच्यांपासून सुरू करावी. दोन-तीन दिवस विष्ठा, भूक आणि खाज यांवर लक्ष ठेवून मगच प्रमाण वाढवावे. भाजी वाहत्या पाण्याखाली धुवावी, साध्या पाण्यात उकडावी आणि मीठ, तेल, मसाला न घालता कोमट झाल्यावर द्यावी. सकाळी डब्याची भाजी चिरतानाच दोन-चार फोडी वेगळ्या काढून कुकरमध्ये वाटीत ठेवल्यास वेगळे कष्ट पडत नाहीत.

शाकाहारी घरांत अनेकदा कुत्र्याला केवळ दूध-पोळी आणि भाजी दिली जाते. त्यातून पुरेशी प्रथिने व कॅल्शियम मिळत नाही. मांस द्यायचे नसल्यास अंडी, पनीर किंवा कुत्र्यांसाठीचे तयार संतुलित खाद्य यांचा विचार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावा. वाढत्या पिलांच्या बाबतीत ही काळजी अधिकच आवश्यक आहे.

कारखान्याच्या फाटकाशी

औद्योगिक पट्ट्यात घरच्या कुत्र्यांइतकाच प्रश्न कारखान्यांच्या फाटकाशी, गोदामांपाशी राहणाऱ्या कुत्र्यांचा आहे. पाळी संपल्यावर उपाहारगृहातील उरलेली भाजी, रस्सा आणि पुलाव कामगार किंवा सुरक्षारक्षक मायेने त्यांना घालतात. हेतू चांगला असला, तरी त्या अन्नात कांदा-लसूण भरपूर असतो आणि ते रोज मिळते. त्याऐवजी फोडणी न दिलेला भात, वरण, उकडलेला बटाटा किंवा कोरडी पोळी बाजूला काढून देणे सोपे आहे. भटक्या कुत्र्यांना खाद्य देण्याची जागा व वेळ ठरवण्याची तरतूद २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे. त्यानुसार रहदारीपासून दूर, ठरलेल्या जागीच खाद्य द्यावे.

लक्षणे आणि उपचार

कांदा खाल्ल्यानंतर कुत्रा लगेच आजारी पडेलच, असे नाही. उलटी-जुलाब पहिल्या दिवशी दिसू शकतात. मात्र रक्तक्षयाची लक्षणे बहुधा काही दिवसांनी उमटतात. हिरड्या फिकट किंवा पिवळसर होणे, लघवी लालसर वा गडद तपकिरी होणे, धाप लागणे, चालताना झोकांड्या जाणे आणि अन्नावरची वासना उडणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. द्राक्षे किंवा चिंच खाल्ल्यावर वारंवार उलट्या, सुस्ती आणि लघवी कमी होणे याकडे लक्ष द्यावे.

कांदा, द्राक्षे किंवा चिंच खाल्ल्याचे लक्षात येताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यक गाठावा. पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवून विष बाहेर काढता येण्याची शक्यता अधिक असते. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. मिठाचीच विषबाधा होऊ शकते. कांद्याच्या विषबाधेवर उतारा नाही. सलाइन, प्राणवायू आणि गरज पडल्यास रक्त देऊन कुत्र्याला सावरावे लागते. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, ही चार उत्तरे तयार ठेवल्यास उपचार लवकर सुरू होतात.

कढईत तेल तापण्यापूर्वी कुत्र्याची वाटी भरून ठेवली, तर यांपैकी बहुतेक प्रसंग टळतील.